गाऱ्हाण्याचा मान

चपलेचा अंगठा निघाला म्हणून मी जवळच्या खुर्चीवर टेकलो, एवढंच माझं चुकलं. अंगठा परत भोकात बसवायला एखादं मिनिट लागलं असतं. पण तेवढ्यात देवळाची सगळी अग्रशाळा, म्हणजे तिथल्या हॉलभर बसलेली माणसं, टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, प्रमुख पाहुणे आले. म्हणून एक चप्पल हातात धरून मीही टाळ्या वाजवल्या, म्हणजे जमेल तशा. मग माझा मेवणा समोर येऊन, दोन्ही हात जोडून, पोटातलं हसू पोटातच दाबत म्हणाला, "भावोजी, कदेलार बसलात. येवकार तुमका! प्रवास बरो झालो मू?"

तेव्हा कुठे मी खाली पाहिलं. मी पाहुण्याच्या खुर्चीवर बसलो होतो.

ही खुर्ची काय प्रकार आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या बायकोच्या माहेरची माणसं लहानसहान गोष्टींवर टाळ्या पिटतात असा समज होईल. तोही काही अगदीच चुकीचा नाही. पण आमचा जो विज्ञानकथांच्या वाचकांचा वार्षिक मेळ भरतो, त्यात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवायची चाल आहे. ती परग्रहावरून येणाऱ्या पाहुण्याची. तो कधी येईल ते सांगता येत नाही, पण आला आणि बसायला जागा नाही, असं पेडण्यात होता कामा नये. खुर्चीवर लाल कापड असतं, समोर विड्याचं पान, सुपारी आणि नारळ. आणि चुकून कोणी त्या खुर्चीवर बसलाच, तर त्या दिवसापुरता तोच पाहुणा. त्याने दिवसभर परग्रहवासी म्हणूनच वागायचं आणि विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. हा नियम केला कोणी? मी. त्या दिवशी खुर्चीवरचं लाल कापड काढून माईकखालच्या मेजावर पसरलं कोणी? तेही मीच. मेज फार उघडंबोडकं दिसत होतं.

बरं, दिवसभर परग्रहवासी व्हायला माझी काही हरकत नव्हती. पण नेमकं पाच मिनिटांत गाऱ्हाणं, म्हणजे कार्यक्रमाआधी हात जोडून मोठ्याने घालतात ते साकडं, व्हायचं होतं, आणि गाऱ्हाण्याचा मान माझा होता. मेळ सुरू झाल्यापासून दर वर्षी माझाच. मी उठायला लागलो तर शाळेतल्या आमच्या बाईंनी हातातला पंखा माझ्या दिशेने रोखला. "बस खाली. गाऱ्हाणं पाहुण्याला घालतात, पाहुणा घालत नाही." मग त्यांनी तोच पंखा मेवण्याकडे वळवला. "तू घाल रे. तुझा आवाज मोठा आहे."

तिथून सगळं बिघडलं.

आता गाऱ्हाणं आणि विज्ञानकथा यांचा संबंध काय, असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. संबंध असा की आम्हाला जागा मिळेना. सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. मी, डिचोलीत फार्मसी चालवणारा माझा वर्गमित्र, आणि आम्हा दोघांना शाळेत विज्ञान शिकवलेल्या, नार्व्याच्या बाई. दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा आम्ही एकमेकांना वाचायला द्यायचो आणि मग फार्मसीच्या काउंटरवर उभे राहून त्यांवर भांडायचो. गिऱ्हाईक खोकत उभं राहायचं आणि माझा मित्र त्याला सांगायचा, "थांबा हां, हे यान सूर्याच्या इतक्या जवळून गेलं तर वितळणार नाही का, तुम्हीच सांगा!" एक दिवस त्याच्या वडिलांनी आम्हाला दुकानातून उठवलं. मग बाईंच्या घरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसलो. वाचणारे वाढले, बाल्कांव पुरेना. फोंड्याहून दोघं यायला लागले, कोल्हापूरकडून इथल्या कारखान्यात आलेले काही तरुण यायला लागले. तेव्हा पेडण्याकडच्या एका देवळाच्या कमिटीने अग्रशाळा दिली, पण एका अटीवर. देवाच्या जागेत कार्यक्रम, तर आधी गाऱ्हाणं झालं पाहिजे.

बाई जरा रागावल्या. विज्ञानाच्या कार्यक्रमाला गाऱ्हाणं? मग मीच तोडगा काढला. गाऱ्हाणं घालू, पण ते अंतराळातल्या अज्ञात पाहुण्याला. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "कोणाकय घालात, पण 'व्हय म्हाराजा' मोठ्यान म्हणा." आणि ती चाल पडली.

एकदा चाल पडली की आमच्याकडे तिचा मान होतो, आणि मान झाला की तो कोणाचा हे ठरतं. विज्ञानकथा वाचणारे म्हणून आम्ही फार पुढारलेले असू असं तुम्हाला वाटेल. मंगळावर वस्ती करायला आमची हरकत नाही, पण तिथे पहिला नारळ कोण फोडणार ते आधी ठरवा, असे आम्ही. नारळ फोडण्याचा मान फार्मसीवाल्याचा. कथांचा निकाल देण्याचा मान बाईंचा. गाऱ्हाण्याचा मान माझा, आणि ज्याचा गाऱ्हाण्याचा मान, त्याच्या घरून सगळ्यांना सकाळची पातळ भाजी आणि पाव. देवळातली वहिवाटच आम्ही उचलली होती. मानकऱ्याच्या घरचा नैवेद्य असतो, तसा हा.

बाकी रीती आमच्या आम्ही केल्या. एक म्हणजे, प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि हजार वर्षांनंतर ती उकरून काढणाऱ्या संशोधकाच्या तोंडून तिचं वर्णन करायचं. पहिल्याच वर्षी माझ्या मित्राने नारळ खवायची आदोळी आणली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हे राजाचं आसन. समोर पातं आहे, त्यावरून असं दिसतं की राजाला फार वेळ गादीवर बसू देत नसत." दुसरी रीत म्हणजे देवचार, गावाचं राखणदार भूत, बाद. हा बाईंचा नियम. आमच्याकडचा माणूस यानात बसवला तरी तिसऱ्या पानावर वडाखाली देवचार उभा करतोच. हातात काठी, खांद्यावर कांबळं, अंधारातून वाट दाखवणारा. "देवचार आला की कथा बाद," असं बाईंनी पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून टाकलं.

माझ्या मेवण्याची आणि माझी पहिली ठिणगी या देवचारावरून पडली.

मेवणा इब्रामपूरचा. बायकोपेक्षा धाकटा, वीज खात्यात नोकरी, घरी काजूची बागायत. गावच्या नाटकात दर वर्षी काम. उंचापुरा, केसाळ, आवाज असा की फोनवर बोलला तर वाटावं फोनची गरज नव्हती. मेळाला तो पहिल्यांदा आला तेव्हा बहिणीला आणि भाजीच्या टोपांना गाडीने पोचवायला म्हणून आला. दारात उभा राहून थोडा वेळ ऐकलं आणि दुसऱ्या वर्षी कथा लिहून घेऊन आला. कथेत देवचार! वडाखाली, कांबळ्यासकट. मी मनात म्हटलं, गेला. बाईंनी कथा पुढे वाचली, तर तो देवचार म्हणजे फार पूर्वी दुसऱ्या ताऱ्यावरून पाठवलेलं एक यंत्र निघालं. वाट चुकलेल्यांना घरी पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि पाठवणारे केव्हाच संपले, तरी ते बिचारं काम करत राहिलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हा चालेल."

चालेल? नियम फळ्यावर होता! मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, "नियम भुताविरुद्ध होता रे, यंत्राविरुद्ध नाही." मी इतक्या वर्षांत कृष्णविवरावर लिहिलं, काळाच्या घडीवर लिहिलं, एकदा तर सबंध कथा एका अणूच्या तोंडून सांगितली. बाईंनी चष्मा काढून कधी पुसला नाही. माझ्या कथेच्या वेळी त्यांचा चष्मा नेहमी स्वच्छच असायचा.

तर आता त्या खुर्चीवर मी, हातात चप्पल, आणि समोर हात जोडून मेवणा. मला आतून इतकं वाटत होतं की याची फजिती व्हावी. अगदी थोडी. माझ्या गाऱ्हाण्यातलं 'बारा ग्रहांच्या' म्हणताना सोळा म्हणावं, एवढीच. माझं स्वतःचं गाऱ्हाणं मी वर्षानुवर्षं घासून घासून गुळगुळीत केलं होतं. 'हे प्रकाशवर्षांच्या अंतरावरील अज्ञात बुद्धिमान महाराजा' अशी सुरुवात. त्यात दीर्घिका होत्या, गुरुत्वलहरी होत्या. लोक 'होय महाराजा' म्हणायचे. जरा थांबून म्हणायचे, कारण वाक्य कुठे संपलं ते कळायला वेळ लागायचा.

मेवण्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा म्हाराजा! बारा सूर्यांच्या, बारा वाटांच्या, दिसणाऱ्या नि न दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां पेडण्यातसून, डिचोलीतसून, फोंड्यातसून हंय जमली आसत. कोण बशीन इलो, कोण स्कूटरीन इलो. तू खंयच्या वाटेन इलस ता तुकाच म्हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येताना तुझ्या यानाक आमच्या रस्त्यावरचे खड्डे लागले असतीत, तर ता मनार घेव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावर हशा. कारखान्यातली कोल्हापूरकर पोरं तर बाकावर थापा मारत होती.

"जेणी कथा सुरू केली नि शेवट जमाना, तेका शेवट दी. जेका शेवट सुचलो नि सुरुवात गावना, तेका सुरुवात दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्याने आवाज खाली आणला. मोठा आवाज खाली आणणं हे ज्याच्याकडे मोठा आवाज आहे त्यालाच जमतं. माझा आधीच खाली असतो.

"आनी तुझ्या वाटेर आमची लांब गेलली पोरां खंय दिसली, बोटीर दिसली, परदेशात दिसली, तर तेंका सांग म्हाराजा, आवय अजून दार बघता म्हणान."

यावर 'व्हय म्हाराजा' लगेच आलं नाही. आलं तेव्हा बायकांच्या बाजूने आलं, आणि ओलं आलं. आमच्या भागात असं घर विरळा, ज्यातला कोणी ना कोणी बोटीवर किंवा बाहेर नाही. इतक्या वर्षांत मला ते का सुचलं नाही? माझा मुलगासुद्धा बाहेरच आहे. मी त्याला गुरुत्वलहरींमध्ये कुठेच बसवला नव्हता.

आणि मग नियमाप्रमाणे पाहुण्याने उत्तर द्यायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियम माझाच. मी चप्पल खाली ठेवली, उठलो, आणि ज्याचा मला भयंकर हेवा वाटत होता त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "तुझं गाऱ्हाणं पोचलं." मेवणा वाकून माझ्या पाया पडला. लोक म्हणाले, अहाहा. फार्मसीवाला मला नंतर म्हणाला, "तू काय अभिनय केलास रे! डोळ्यांत पाणी आणलंस!" मी त्याला सांगितलं नाही की ते अभिनयाचं नव्हतं.

बरं, हे तिथेच संपलं असतं तर मी सोसलं असतं. पण कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. ते गटातून गटात गेलं. डिचोलीच्या बाजारात माझ्याशी कधी न बोललेले लोक मला थांबवून विचारायला लागले, "इब्रामपूरचो तो तुमचो मेवणो मू?" आमचा पोदेर सकाळी सायकलवर पाव घेऊन येतो. हॉर्न वाजवून तो म्हणाला, "काय गाऱ्हाणां घातल्यान ओ तुमच्या मेवण्यान! आमच्या घरा सगळ्यांनी बघलां." हा पोदेर ख्रिस्ती. ज्या माणसाने माझं गाऱ्हाणं कधी ऐकलं नाही, ज्याने ऐकायचं काही कारणही नाही, त्याच्या घरात मेवणा पोचला होता.

सर्वांत वाईट म्हणजे घरात. बायकोला ते गाऱ्हाणं प्रत्यक्ष ऐकायला मिळालं नव्हतं, म्हणून ती मोबाईल कानाला लावून लावून ऐकायची. चित्रणाचा आवाज धड नव्हता. शेंगा निवडताना ऐकायची, इस्त्री करताना ऐकायची. त्या शेवटच्या ओळीला पोचली की शेंगा थांबायच्या.

"पुन्हा?" मी एकदा विचारलं.

"तुम्हाला काय त्रास होतो?"

"मला कसला त्रास? त्याने व्याकरण जरा सांभाळायला हवं होतं."

"गाऱ्हाण्याला व्याकरण?"

"आणि बारा सूर्य म्हणजे काय? बारा सूर्य कुठे आहेत?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमच्या वहीतले बारा ग्रह कुठे आहेत?" तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते सहज म्हटलं आणि शेंग मोडली.

मग मी ठरवलं. पुढच्या वर्षी असं गाऱ्हाणं घालायचं की मेवणा काजूच्या बागेतून बाहेर येऊ नये. मान माझा होता. गेल्या वर्षीचा तो निव्वळ चपलेचा अपघात होता. मी तालीम सुरू केली. घरात नाही. मेळाच्या दिवसाआधी गाऱ्हाणं घरात उच्चारायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा दंडक, उगाच नवलाई जायला नको. माझ्या विमा कचेरीत जाता-येता स्कूटरवर, हेल्मेटच्या आत म्हणायचो. हेल्मेटमध्ये आवाज चांगला घुमतो. एकदा सिग्नलपाशी मी 'महाराजा' असं जरा जोराने म्हटलं आणि शेजारचा ट्रकवाला खिडकीतून 'हां, बोलो' म्हणाला. मी गुरुत्वलहरी काढल्या. बोटीवरची मुलं घातली, मग काढली, कारण ती मेवण्याची होती. मग त्यांच्या जागी मोबाईलवर मुलांशी बोलणारे बाप घातले. ते मला स्वतःला बरं वाटलं. पण त्या ओळीला हेल्मेटची काच आतून धूसर व्हायची, म्हणून ती ओळ स्कूटर थांबवून म्हणायची असं ठरवलं.

मेळाच्या आधी महिनाभर आमची बैठक बाईंच्या बाल्कांवात झाली. खाली नदी, पलीकडे शेतं, बाईंच्या हाताचा कडक चहा. आम्ही तिघं आणि, या वर्षी पहिल्यांदाच, मेवणा. त्याला बोलावलं कोणी ते मी विचारलं नाही. जागा ठरली, जेवण ठरलं, कथा किती घ्यायच्या ते ठरलं. मग बाई म्हणाल्या, "गाऱ्हाणं?"

आता इथे आमच्याकडची एक पद्धत आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असेलच. कुठलाही मान समोर आला की आधी 'नको' म्हणायचं. समोरच्याने 'तसं कसं' म्हणायचं. पुन्हा 'नको, दुसऱ्या कोणालातरी द्या' म्हणायचं. त्याने पुन्हा आग्रह करायचा. मग तिसऱ्यांदा, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर, असं म्हणून घ्यायचा. लग्नात जेवणाच्या पंगतीला बसण्यापासून देवळाच्या अध्यक्षपदापर्यंत हेच चालतं. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. मी तर लहानपणापासून त्यात तरबेज. म्हणून मी कप खाली ठेवून, चेहऱ्यावर शक्य तेवढी निरिच्छता आणून म्हणालो, "माझं काय, मी किती वर्षं घालणार? नव्या माणसांना द्यायला हवं आता."

आणि मी आग्रहाची वाट पाहू लागलो.

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या.

मी फार्मसीवाल्याकडे पाहिलं. त्याने तरी 'तसं कसं' म्हणायला नको का? तो बिस्कीट चहात बुडवत होता, आणि बिस्कीट तुटून कपात पडलं म्हणून त्याचं सगळं लक्ष तिकडे. "खरंच मोठं मन लागतं बाबा याला," तो चमच्याने कपात शोधत म्हणाला.

"म्हणजे तसं काही नाही," मी म्हणालो, "म्हणजे हवं तर मी…"

"नाही नाही, तू बोललास ते अगदी योग्य." बाई मेवण्याकडे वळल्या. "मग तू."

मेवणा मात्र आमच्याच घरातला, त्याला पद्धत पूर्ण माहीत. "नको बाई, भावोजी असताना मी?" एकदा. बाई म्हणाल्या, त्यांनीच सांगितलं ना. "नको, माका जमूचां नाय, गेल्या वर्षी आपलां चुकान झालां." दोनदा. फार्मसीवाला म्हणाला, अरे सगळ्यांनी बघितलंय कसं चुकून झालं ते. मेवण्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजींनी सांगल्यार." आता मी काय करणार होतो? चौघांत, नदीकाठी, बाईंच्या घरी?

"घाल," मी म्हणालो.

"आता तुम्ही इतक्यां म्हणतात तर," मेवणा म्हणाला. तिसऱ्यांदा. अगदी नियमाप्रमाणे. माझ्या मनात आलं, ज्या माणसाला 'नको' नीट म्हणता येतं त्याला या जगात सगळं मिळतं.

"आणि मान त्याचा, म्हणजे भाजी-पावही त्याच्या घरून," बाई म्हणाल्या. "वहिवाट आहे ती."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की मी मान सोडला. मन मोठं करून सोडला, असंही सांगितलं, फार्मसीवाल्याचे शब्द होते ते. ती लगेच इब्रामपूरला फोन लावून भावजयीला सांगायला लागली की वाटाणे आदल्या दिवशी भिजत घाल, बटाटा जास्त शिजवू नको, आणि पाव आधी सांगून ठेव, आयत्या वेळी पोदेर देत नाही. बराच वेळ सांगत होती. तिच्या आवाजात मला जो उत्साह ऐकू आला तो भावाच्या मानाचा असणार असं मी धरून चाललो.

मेळाच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसलो. उगाच कोणाला वाटायला नको की मला वाईट वाटतंय. मला इतकं वाईट वाटत होतं की पहिल्या रांगेत ते दिसलं असतं. बायको मात्र बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती, कडेची खुर्ची, नवी साडी, पदर नीट खांद्यावर. ती अशी बसलेली पाहून मला कसंसंच झालं. भावाला ऐकायला केवढी तयारी!

मेवणा उभा राहिला. या वर्षी त्याने सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. सुरुवात जोरात झाली. लोक आधीपासूनच तयार होते. खड्डे आले, हशा आला. यंदा त्याने वीज खात्यालाही घेतलं होतं: "तुझ्या तारा आमच्या खांबार अडकल्यो तर तक्रार करू नको, माकाच येवचां पडतला म्हाराजा!" स्वतःचीच खिल्ली. ते तर माझं क्षेत्र! मग त्याने आवाज खाली आणला, आणि मला कळलं की ती ओळ येतेय.

आणि ती आली नाही.

तो थांबला. आधी वाटलं, मुद्दाम थांबलाय. मग त्याचा हात टोपीकडे गेला, आणि मी ओळखलं की तो विसरला. नाटकात काम करणाऱ्यांचा हात असाच डोक्याकडे जातो. अग्रशाळेत शांतता. बाहेर कोणीतरी टोप सरकवला तो आवाज ऐकू आला. आणि मला, शेवटच्या रांगेत, सगळं येत होतं. त्याची ओळ मला पाठ होती, घरात इतक्या वेळा ऐकलेली. 'आनी तुझ्या वाटेर' एवढं पुरेसं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते तिथेच धरून ठेवलं. थोडा वेळ. पुरता नाही, जरासाच, जितका वेळ एखादी गोड गोळी जिभेवर ठेवावी.

"व्हय म्हाराजा!"

पुढून, बायकांच्या बाजूने, एकटा आवाज आला. खणखणीत. माझी बायको खुर्चीवरून अर्धी उठून ओरडली होती. गाऱ्हाण्यातलं वाक्य अजून व्हायचं होतं आणि तिने होकार देऊन टाकला होता. लोक हसले, मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्या गोंगाटात मेवण्याला ओळ सापडली. त्याने बहिणीकडे बघितलं आणि पुढे निघाला. या वेळी पोरांच्या आवयबरोबर बापूसही दार बघत होता. ते वाक्य कुठून आलं? माझं होतं ते, जवळजवळ. पण हेल्मेटच्या आतलं त्याला कसं ऐकू येणार? मग मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या रांगेतले बाप मान खाली घालून बसले होते, आणि मला कळलं की ते वाक्य कोणाच्या एकट्याचं नव्हतंच. हे कळल्याने हेवा कमी होतो असं ऐकलं होतं. होत नाही.

'व्हय म्हाराजा' मी पण म्हटलं. तोंड उघडलंच. आवाज मात्र आला नाही, असं शेजारच्याला वाटलं असणार.

भाजी भावजयीने चांगली केली होती. पाव थोडे कमी पडले. लोक मेवण्याला मिठ्या मारत होते आणि मी टोपापाशी उभा राहून कौतुक केल्यासारखं हसत होतो. निघताना मेवण्याने मला कोपऱ्यात घेतलं. "भावोजी, आज मी मेलो असतंय. ताईन वाचवल्यान. तुमच्या वेळी असो घोळ कधी झालो नाय." तो खरंच मनापासून बोलत होता. मला वाटलं, निदान हेव्याला तरी याने थोडी जागा ठेवायला नको का.

संध्याकाळी आम्ही डिचोलीकडे परत निघालो. स्कूटरवर बायको मागे, हातात प्रसादाचा नारळ. नव्या रस्त्यावर बरं चाललं होतं. पण मला राहवेना.

"एवढी ओरडलीस."

"हूं."

"माझ्या वेळी कधी ओरडली नाहीस. एवढ्या वर्षांत एकदाही."

वारा होता, मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती पुढे झुकली आणि हेल्मेटवर बोट टकटक वाजवून म्हणाली, "तुमच्या वेळी मी मागच्या खोलीत पाव चिरत असते. पन्नास माणसांची भाजी उतरायला नि तुमचं गाऱ्हाणं सुरू व्हायला एकच वेळ. मी कुठून ओरडणार? पुढच्या वर्षीही त्यालाच घालू दे. मला बसायला मिळतं."

मी स्कूटरचा वेग जरा कमी केला. थोड्या वेळाने तिने पुन्हा टकटक केलं.

"तुमचं गाऱ्हाणं मी ऐकलेलंच नाही कधी. घरी गेल्यावर एकदा घाला. लांबवू नका मात्र, मला कुकर लावायचाय."